अध्यापक महाविद्यालयाची निवड



आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी पदवी हातीं आल्यावर शिक्षक होण्याची इच्छा बोलून दाखवितात आणि कोणत्या महाविद्यालयांत नांव घालावें असें विचारतात. पालकांच्या मनांतही हाच प्रश्न असतो. परंतु बहुधा 'घराजवळ असेल तें' किंवा 'जेथें रोज जावें लागत नाहीं तें' एवढ्यावरच त्याचा निकाल लागतो. ज्या कामीं दोन वर्षें आणि वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्ची पडावयाचा, त्याचा निर्णय इतक्या घाईनें करणें बरें नव्हे. शिवाय ह्या घाईचा भुर्दंड एकट्या विद्यार्थ्यास बसत नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्याच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांनाही तो सोसावा लागतो.

प्रथम, आपणांस कोणत्या वयाच्या मुलांना शिकवावयाचें आहे हें ठरवावें. पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं डी. एल. एड. ही पदविका आहे व तिला बारावीनंतर प्रवेश मिळतो. बी. एड. ही पदवीनंतरची परीक्षा होय. ती वरची म्हणून सर्वत्र चालेल असा पुष्कळांचा समज होता. परंतु सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२३ रोजीं दिलेल्या निकालानें, केवळ बी. एड. झालेला उमेदवार प्राथमिक वर्गांच्या नेमणुकीस पात्र नाहीं, हें स्पष्ट झालें. सहा वर्षांच्या मुलास अक्षरओळख करून देणें आणि पंधरा वर्षांच्या मुलास बीजगणित शिकविणें हीं दोन निराळीं कौशल्यें आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या भेदाचें कारण कळतें. ज्यांचा निश्चय बारावीनंतरच झाला असेल, त्यांच्यासाठीं पदवी व शिक्षणशास्त्र एकत्र शिकविणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२३ पासून देशांतील कांहीं निवडक संस्थांत सुरू झाला आहे.

दुसरी गोष्ट मान्यतेची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, ह्या दोहोंवांचून बी. एड. च्या पदवीस मोल नाहीं. छापील माहितीपत्रकावर विसंबून न राहतां मान्यतेच्या आदेशाची प्रत पाहावी व तींत किती जागा मंजूर आहेत तें वाचावें. आपल्या राज्यांत ह्या प्रवेशासाठीं सामायिक प्रवेश परीक्षा होते, आणि खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचें शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. ठरलेल्या शुल्कावर देणगी मागणें १९८७ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. अशी मागणी करणारी संस्था कितीही नांवाजलेली असो, पालकांनीं तिच्या पायऱ्या उतरून परत यावें.

एवढें पाहून झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो : तेथें प्रत्यक्ष शिकवावयास किती मिळतें, आणि तें पाहतो कोण? परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनें बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. वर्षास कामाचे किमान २०० दिवस, आणि शाळांतील आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, पहिल्या वर्षीं ४ व दुसऱ्या वर्षीं १६, असें तींत ठरलें. उपस्थिती अभ्यासक्रमासाठीं शेंकडा ८० आणि आंतरवासितेसाठीं शेंकडा ९० सांगितली आहे. तेव्हां 'आमच्याकडे हजेरीची सक्ती नाहीं' असें जें महाविद्यालय सांगतें, तें सवलत देत नसून आपण ज्यासाठीं पैसे भरतों तीच वस्तु काढून घेत असतें.

ही वस्तु कोणती, तें एका उदाहरणानें पाहूं. छात्राध्यापक सहावीच्या वर्गांत अपूर्णांकांचा पाठ घेत आहे. एक मुलगी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असें उत्तर देते. छात्राध्यापक 'चूक' म्हणून फळ्यावर बरोबर रीत मांडतो व पुढें जातो. त्याच्या मतें पाठ उत्तम झाला. परंतु मागच्या बांकावर बसलेले अनुभवी प्राध्यापक टाचणवहींत लिहितात : "मुलीनें अंशांत अंश व छेदांत छेद मिळविला, हें आपण विचारून काढलें नाहीं. अर्ध्या भाकरींत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, एवढें विचारलें असतें तर तिची चूक तिलाच दिसली असती." दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत, ही गोष्ट गणित येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते, परंतु ती नेमक्या वेळीं प्रश्नाच्या रूपानें पुढें करणें ही अध्यापनाची कला होय. ती कोणी पाहून, टोंकून, पुनः करावयास लावून शिकविल्यावांचून क्वचितच येते. ज्या महाविद्यालयांत सरावपाठ कागदोपत्रींच होतात, तेथून मनुष्य पदवी घेऊन येतो, शिक्षक होऊन येत नाहीं.

म्हणून प्रवेशापूर्वीं महाविद्यालयांत एक दिवस जावें आणि तेथील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस पुढील गोष्टी विचाराव्या. आपल्या विषयाची अध्यापनपद्धति तेथें आहे काय, व ती शिकविणारे प्राध्यापक कायम आहेत काय? १०० विद्यार्थ्यांमागें १६ पूर्णवेळ अध्यापक असावे असा २०१४ चा नियम आहे. प्रत्यक्ष वर्गांवर किती दिसतात? आंतरवासितेच्या शाळा कोणत्या? शक्य झाल्यास एखादी टाचणवही मागून पाहावी. तींत नुसत्या सह्या आहेत कीं शेरे आहेत, एवढ्यावरून पुष्कळ कळतें. ग्रंथालयांतील पुस्तकें विद्यार्थी घरीं नेतात कीं तीं कुलुपांत असतात, हेंही पाहावें.

पालकांस एक विनंती आहे. पदवीनें नोकरीची हमी मिळत नाहीं. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठीं शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणून मोठें कर्ज काढून दूरच्या झगझगीत इमारतींत मुलास धाडण्यापेक्षां, साधें परंतु चोख काम करणारें महाविद्यालय पत्करावें. मुलगी असेल तर वसतिगृहाची व जाण्यायेण्याची सोय अवश्य पाहावी. मात्र केवळ जवळ आहे म्हणून निकृष्ट संस्था तिच्या गळ्यांत बांधूं नये.

ज्यांस पुढें अभ्यासक्रम आंखणें किंवा पाठ्यपुस्तकें तयार करणें ह्या कामाची आवड आहे, त्यांना एम. एड. चा मार्ग मोकळा आहे. परंतु त्यांनींही आधीं कांहीं वर्षें वर्गांत उभें राहावें. मुलें कोठें अडतात हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्यानें आंखलेला अभ्यासक्रम कागदावरच शोभतो.

मित्रहो, उद्यां जीं मुलें तुमच्यासमोर बसतील, त्यांना तुमचें महाविद्यालय निवडण्याचा अधिकार नाहीं. त्यांच्या वतीनें तें तुम्हांलाच निवडावयाचें आहे.