चिमण्या गेल्या, तारा राहिल्या

माझे बाबा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात स्विचयार्डमध्ये काम करतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना म्हणालो, "कोळशाची केंद्रे बंद करायची आणि त्याच जागेवर सौर पॅनेल बसवायची, झाले!" बाबा म्हणाले, "आधी हिशेब करून दाखव." शाळेत परतल्यावर मी तो केला. त्यासाठी कॅनडातील नँटिकोकचे उदाहरण घेतले.

ईरी सरोवराकाठचे हे केंद्र सुमारे ४००० मेगावॅटचे होते. उत्तर अमेरिकेतील कोळशावर चालणाऱ्या सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होई. ऑन्टॅरिओ प्रांताने कोळसा सोडायचे ठरवले आणि २०१३ मध्ये ते बंद झाले. २०१८ मध्ये उंच चिमण्या पाडल्या. २०१९ मध्ये तेथेच ४४ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तेथील मूळ रहिवाशांचे समाजही त्यात भागीदार आहेत.

आता भागाकार करू. ४००० ÷ ४४ = सुमारे ९१. म्हणजे जुन्या केंद्राइतकी क्षमता हवी तर असे ९१ प्रकल्प लागतील. एका मेगावॅटला साधारण ५ एकर धरले, तरी २०,००० एकर जमीन झाली. शिवाय ४४ मेगावॅट ही भर उन्हातली क्षमता. संध्याकाळी आपल्या प्रेपचे दिवे लागतात, तेव्हा पॅनेल थंड पडलेली असतात. म्हणूनच ऑन्टॅरिओत कोळशाची जागा मुख्यतः अणुऊर्जा, नैसर्गिक वायू, वारा आणि वीजबचत यांनी मिळून भरून काढली.

मग तेथे पॅनेल बसवणे चुकले का? मुळीच नाही. अशा औद्योगिक जमिनीवर साफसफाईशिवाय शेती किंवा घरे करता येत नाहीत, पॅनेल मात्र बसतात. त्यामुळे तेवढी सुपीक जमीन वाचते. वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारा तर जवळच असतात. त्या नव्याने टाकायच्या म्हटल्या, तर पैसा आणि वर्षे दोन्ही खर्ची पडतात.

रविवारी फोनवर हा हिशेब बाबांना सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे माझे स्विचयार्ड राहील. पण बॉयलरवरच्या काकांचे काय?" कोळशाच्या केंद्रात शेकडो माणसे लागतात, सौर प्रकल्पाला थोडीच. माझ्या वहीत मेगावॅट होते, एकर होते, पण माणसांचा रकाना नव्हता. तो मी आता आखला आहे. पुढच्या सुट्टीत काकांकडे बसून भरणार आहे.