बाटलीची तीन छिद्रे



विज्ञानाचा प्रयोग म्हटला की काचेच्या नळ्या आणि कुलूप लावलेले कपाट आठवते. पण त्यासाठी साहित्य महागच हवे असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे क्वेकर पंथीयांचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान मुलांच्या हातांनी शिकवायला सुरुवात केली. पुढे अरविंद गुप्ता यांनी त्याच कामात आगपेटीच्या काड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब वापरून खेळणी बनवली. नंतर पुण्याच्या 'आयुका' संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली.

या अंकात आपण पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक प्रयोग पाहू.

साहित्य : सरळ बाजूंची एक लिटरची बाटली, दाभण, चिकटपट्टी, मोजपट्टी, तांब्याभर पाणी, चुलीतली थोडी राख.

कृती : बाटलीच्या तळापासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर खुणा करा. धारा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून खुणा एकाखाली एक न करता बोटभर बाजूला सरकवून करा. दाभण तापवून सारख्या आकाराची तीन छिद्रे पाडा. हे काम मोठ्यांनीच करावे. छिद्रांवर पट्टी लावा आणि २० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा. बाटली अंगणात सपाट जमिनीवर ठेवून समोर राख पसरा. झाकण उघडेच राहू द्या.

आता पट्टी काढण्याआधी मुलांना विचारा, "कोणती धार सर्वांत लांब पडेल?" प्रत्येकाचे उत्तर वहीत लिहून घ्या. मग पट्टी काढा. एकाने वरून पाणी ओतत राहून पातळी २० वर टिकवावी.

काय दिसेल : अनेक पुस्तकांतल्या आकृतीत खालची धार सर्वांत लांब गेलेली असते, म्हणून बहुतेक मुले 'खालची' असेच लिहितात. राखेवर मात्र मधली धार सर्वांत लांब पडते. वरची आणि खालची धार तिच्या अलीकडे, जवळजवळ एकाच अंतरावर पडतात.

असे का होते : जितके खोल जावे तितका पाण्याचा दाब वाढतो. म्हणून खालच्या छिद्रातून पाणी सर्वांत वेगाने निघते. पुस्तकाचे हे म्हणणे खरेच आहे. इटलीच्या तोरिचेल्ली यांनी १६४४ साली याचा नियम मांडला : खोली चौपट झाली की वेग दुप्पट होतो. पण धार किती लांब जाईल हे नुसत्या वेगावर ठरत नाही. जमिनीवर पडेपर्यंत तिला किती वेळ मिळतो, तेही महत्त्वाचे. खालच्या धारेला वेग आहे, पण जमीन लगेच येते. वरच्या धारेला वेळ आहे, पण वेग कमी. मधल्या धारेला दोन्ही पुरेसे मिळतात.

आता तीच बाटली पालथ्या बादलीवर, कडेला ठेवून पुन्हा करा. या वेळी खालची धार सर्वांत लांब जाते, कारण आता तिलाही पडायला पुरेशी उंची मिळाली. म्हणजे आकृतीतले चित्र खरे आहे, पण बाटली उंचावर असेल तेव्हाच.

शिकवणाऱ्यासाठी : या प्रयोगातली खरी कसोटी आपलीच आहे. एखादी मुलगी हळूच म्हणते, "ताई, मधली लांब गेली." आपण घाईत म्हणतो, "प्रयोग चुकला, पुस्तकात बघ." घरातून पहिल्यांदाच शाळेत आलेल्या मुलीच्या मनावर त्याचा परिणाम खोल होतो. आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, एवढेच ती शिकते आणि पुढच्या वेळी गप्प बसते. उलट आपण म्हणालो, "चल, पुन्हा मोजू", तर तिला कळते की तिचे पाहणे दखल घेण्याजोगे आहे. पुढे रेशनच्या काट्यासमोर किंवा मजुरीच्या हिशेबासमोर उभी राहताना हीच सवय तिच्या उपयोगी पडेल.

परीक्षेचे काय, असे कोणी विचारेल. 'कुठे दाब जास्त?' या प्रश्नाला 'तळाशी' हेच बरोबर उत्तर आहे. ते मुलांनी निःशंक लिहावे. धार किती लांब जाईल असे विचारले, तर बाटली कुठे ठेवली आहे हे आधी पाहावे.

मुलांसाठी प्रश्न :
१. धरणाची भिंत तळाशी जाड का बांधतात?
२. पाड्यावरची पाण्याची टाकी उंचावर का असते?
३. एक छिद्र असलेली, पाण्याने भरलेली उघडी बाटली उंचावरून सोडून दिली, तर ती पडत असताना धार चालू राहील का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मुद्दामच छापलेले नाही. अंगणात जा, बाटली सोडा आणि मुलांनाच सांगू द्या.