ताप आला तर सकाळची वाट पाहू नका



तुळजापूर तालुक्यातील एका पारधी वस्तीवर मी परिचारिका म्हणून जाते. तिथल्या चौदा वर्षांच्या एका मुलीच्या अंगावर मार न लागताच काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. सोलापूरला तपासणी झाली. निदान निघाले अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेचा विकार.

हाडांच्या आतील मगजात रक्त तयार होते. तेथील काम मंदावले की तांबड्या पेशी कमी पडून थकवा व धाप येते, पांढऱ्या कमी पडून जंतुसंसर्ग होतो आणि प्लेटलेट कमी पडून रक्तस्राव होतो. हा रोग संसर्गजन्य नाही. येथे रुग्णाचा धोका आपल्याला नसतो, आपला धोका रुग्णाला असतो. म्हणून शुश्रूषेचे नियम असे:

१. रुग्णाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असलेल्याने भेटीला जाऊ नये.
२. पाणी उकळून, अन्न ताजे व पूर्ण शिजवून द्यावे.
३. दात मऊ ब्रशने घासावेत. मिसरी व काडी नको.
४. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमरेत सुई टोचून घेऊ नये.
५. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. घरी गोळी देऊन ताप दाबू नये.

एक चूक माझ्याकडूनही होत होती. रक्त लागले तेव्हा मी तिच्या सख्ख्या भावाला पुढे केले. डॉक्टरांनी थांबवले. पुढे मज्जा प्रत्यारोपण करावे लागले तर भावाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. पण त्याचे रक्त आधीच चढवले तर ती मज्जा शरीराने नाकारण्याचा धोका वाढतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केले, तेव्हाही त्या मुलीला मज्जा भावानेच दिली होती.

पावसाळ्यात एका रात्री मुलीला १०१ ताप भरला. आई कधी शाळेत गेलेली नाही, पण मी दिलेल्या थर्मामीटरवर खूण केलेली रेघ ती ओळखते. उजाडण्याची वाट न पाहता तिने जीप मिळवली व पहाटेपूर्वी मुलीला अँटिबायोटिक सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर उशीर झाला असता. आज औषधे चालू आहेत, पेशी हळूहळू वाढत आहेत. धोका अजून टळलेला नाही.

आपण काय करू शकतो? साठवलेले रक्त महिनाभर टिकते, पण प्लेटलेट पाचच दिवस. त्यामुळे वर्षातून एकदा भरवलेले शिबिर अशा रुग्णाला पुरत नाही. प्रत्येक मंडळीने बोलावताच येतील अशा दहा रक्तदात्यांची नावे व रक्तगट लिहून ठेवावेत, आणि ती यादी जवळच्या रक्तपेढीकडे द्यावी.