पाटे भरण्याआधी काटा

पिकअपला मागे किती पाटे टाकायचे, हे गॅरेजात उभे राहून ठरवू नये. आधी वजनकाट्यावर जावे. कडक गाडी म्हणजे दणकट गाडी ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, आणि कच्च्या वाटेवर ओझे वाहणाऱ्याला तीच गोत्यात आणते.

राजापूरकडे सड्यावर आमची आंब्याची कलमे आहेत. झाडे लहान, खाली कातळ, त्यामुळे उन्हाळाभर हौद्यात हजार लिटरची टाकी ठेवून पाणी चढवावे लागते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी, पंप, पाइप आणि गडी वेगळे. वाट जांभ्याच्या पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये एक उभी घाटी. त्यासाठी जुनी पिकअप घेतली. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना जादा पाटे भरून घेतले होते आणि गाडीचा मोठा गुण म्हणून तेच दाखवले होते. भरली टाकी घेऊनही गाडी मागे जरासुद्धा बसत नसे. बघणारे वाखाणत.

पहिल्या पावसात टाकी रिकामी करून घाटी उतरत होतो. ब्रेकवर पाय ठेवला तशी मागची दोन्ही चाके जाम झाली आणि गाडी आडवी फिरली. कडेला गडगा होता म्हणून निभावले.

गाडी जॅकवर घेतल्यावर कारण हाती लागले. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी असते. वजन पडले की चेसी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जोर जास्त मिळतो. गाडी रिकामी झाली, मागून उचलली गेली, की जोर कमी होतो, म्हणजे हलकी चाके जाम होत नाहीत. पाटे भरल्यावर चेसी खाली येईनाशी झाली. टनभर लादले तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मग मागचे ब्रेक लागत नाहीत अशी तक्रार आली असणार, आणि कोणीतरी ती दांडी तारेने वर बांधून टाकली होती. तेव्हापासून रिकाम्या गाडीलाही भरल्या गाडीचा ब्रेक मिळत होता. पाट्यांना हात लावाल तेव्हा ही दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा जुळवून घ्या. मिस्त्री म्हणाला की त्याची गरज नाही, तर मिस्त्री बदला.

त्याच दिवशी पाट्याच्या पुढच्या हँगरपाशी चेसीवर संशय आला. लाल चिखलात गंजाची रेघ ओळखू येत नाही. जागा धुतली, वाळवली, वायर ब्रश मारला, रॉकेल लावून कोरड्या फडक्याने पुसले आणि वर पांढरा खडू घासला. थोड्या वेळात खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली, रिव्हेटपासून निघून खाली वळलेली. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपत होते. जुनी गाडी घेणाऱ्याने ही परीक्षा प्रत्येक हँगरपाशी करावी. खर्च काहीच नाही.

तडा का गेला, ते समजून घेतले पाहिजे. खड्ड्याचा दणका पाट्याने वाकून पचवायचा असतो. पाटा वाकला नाही तर दणका हँगर, रिव्हेट, चेसी आणि एक्सलच्या हौसिंगमध्ये जातो. जाडीचा हिशेब तर फार फसवा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा बसवला की तो एकच पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. ‘थोडा जाड टाकतो’ या शब्दांत एवढे सगळे दडलेले असते. शिवाय रिकाम्या गाडीचे मागचे चाक खडकावर टेकतच नाही, उड्या मारते, आणि चढावर नेमकी तिथेच पकड सुटते.

म्हणून काटा. गाडी रिकामी आणि नेहमीच्या ओझ्यासह, दोन्ही वेळा तोला. एकदा अख्खी, एकदा फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. त्याच वेळी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा. मागच्या एक्सलवर किती येते आणि तेवढ्याने गाडी किती बसते, हे कागदावर असले की पाटेवाल्याशी नीट बोलता येते. ओझ्याखाली मागून थोडे बसणे हे गाडीचे कामच आहे. रबराच्या ठोकळ्यावर एक्सल सारखा आपटत असेल तरच पाट्यांचा विचार करा.

त्याआधी टाकीची जागा बघा. समजा पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटरचे अंतर आहे. तीनशे किलोचे ओझे मागच्या एक्सलच्या मीटरभर मागे ठेवले, तर मागे तीनशे नव्हे, चारशे किलो पडतात आणि पुढची चाके शंभर किलोंनी हलकी होतात. चढावर स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. आम्ही टाकी केबिनला भिडवून, एक्सलच्या पुढे आणून बांधली. अर्धी टाकी नेणे टाळा; पाणी हिंदकळले की वळणावर गाडी ओढली जाते. अर्धी न्यायचीच असेल तर आत आडपडदे असलेली टाकी घ्या.

ओझे कधी आहे, कधी नाही, अशा गाडीला माझ्या मते हेल्पर पाटाच योग्य. तो रिकाम्या गाडीत कामाला लागत नाही, वजन पडल्यावरच टेकतो. रोज, दोन्ही दिशांनी भरूनच धावणाऱ्या गाडीला मूळ जुडग्यात एखादा पाटा वाढवणे समजू शकतो. हवेच्या पिशव्या डांबरी रस्त्यावर सोयीच्या. खडकाळ वाटेवर मी त्या घेणार नाही. पाट्याचे ओझे चेसीवर दोन टोकांना वाटले जाते, पिशवी ते मध्येच एका जागी देते. एक्सलच्या मागे बरेच ओझे असले की चेसी तिथेच वाकते. ऑस्ट्रेलियात डबल केबिनच्या पिकअप अशा वाकल्याची उदाहरणे बरीच आहेत.

पाट्याला गॅस मारून कमान भरू देऊ नका. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि कमान पुन्हा बसते. जुडग्याच्या क्लिपा काढून टाकलेल्या असतील तर त्या लावून घ्या. चाक खाली झेपावते तेव्हा क्लिपा नसतील तर सगळा ताण एकट्या मेन पाट्यावर येतो. पाटे कडक झाले तर शॉकअपही त्याच मापाचे हवेत. टायरच्या बाजूवरचा भार अंकही वाचा. 104 म्हणजे एका टायरला 900 किलो.

आणि पाटे वाढवल्याने आरसीवरचे एकूण वजन वाढत नाही. जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. पण दंडापेक्षा घाटी उतरतानाच्या ब्रेकचा विचार करा. ते ब्रेक आरसीवरच्या वजनासाठीच बनवलेले आहेत. जास्त पाणी लागते तेव्हा आम्ही फेरी वाढवतो.

काम झाल्यावर यू-बोल्ट नवेच घाला. जुने ताणलेले असतात. एक्सल पाट्याला धरून ठेवतात ते यू-बोल्ट, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट सैल झाले की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल एका बाजूला सरकतो. म्हणून गाडी घरी आल्यावर नेहमीचे ओझे घालून थोडे फिरवा आणि लगेच परत नेऊन चारही यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या.