मेंदूचा अभ्यास करायचाय? मग गणित सोडू नका

मुळशी तालुक्यातल्या पालकांना करिअर म्हटलं की हिंजवडी दिसते. साहजिकच आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं तालुक्यातलीच, आणि शेजारच्या घरातला मुलगा तिथे नोकरीला लागलेला असतो. म्हणून मूल हुशार निघालं की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नाहीतर मेडिकल. यात न बसणारं एखादं मूल विचारतं, ‘मला मेंदू कसा चालतो ते शोधायचंय, एआयसुद्धा आवडतं. कोणती पदवी घेऊ?’ माझं उत्तर ऐकून बरोबरचे आईवडील जरा दचकतात. कारण मी सांगतो, फिजिक्स घे.

२०२४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठीच मिळालं. हॉपफिल्ड मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. चुंबकातले अणू शेजाऱ्यांकडे बघून आपली दिशा ठरवतात, त्याचं गणित आधीच तयार होतं. १९८२ मध्ये हॉपफिल्डनी तशाच विचाराने चेतापेशींचं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, मांडलं आणि दाखवलं की आठवण अशा जाळ्यात साठू शकते. ताम्हिणीच्या माथ्यावर पडलेला थेंब ज्या उतारावर पडेल त्या खोऱ्यात जातो, इकडे मुळा, तिकडे कोकण. (टाटांनी मुळशीचं पाणी भिऱ्याकडे वळवलं, ती गोष्ट वेगळी.) हॉपफिल्डच्या जाळ्यात प्रत्येक आठवण म्हणजे असं एक खोरं. चेहरा अर्धवट दिसला तरी जाळं घरंगळत त्या माणसाच्या पूर्ण आठवणीपाशी येऊन थांबतं.

याच हॉपफिल्डना २०२२ चं भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमन पदक मिळालं, आणि त्यांच्याबरोबर ते विभागून मिळालं दीपक धर यांना. धर तेव्हा पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत होते. पौडहून येताना चांदणी चौक ओलांडला की पाषाण, तिथली ही संस्था. त्यांचं गाजलेलं काम आहे वाळूच्या ढिगाचं. एकेक कण टाकत जा. कधी दोनच कण घसरतात, कधी अख्खा उतार कोसळतो. या घसरणींना कोणते नियम असतात, ते त्यांनी गणिताने शोधलं. त्यात मेंदूचा विषयही नव्हता. पण २००३ मध्ये जॉन बेग्ज आणि डिटमार प्लेन्झ यांना उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांमध्ये पेशींचे संदेश अशाच लहानमोठ्या घसरणींसारखे पसरताना दिसले, आणि वाळूच्या ढिगाचं गणित मेंदूवाल्यांच्या चर्चेत आलं.

आयसर पुण्यातच सुहिता नाडकर्णी यांचं काम बघा. भौतिकशास्त्रातून आलेल्या नाडकर्णी दोन चेतापेशींच्या सांध्यात कॅल्शियम कसं फिरतं, याची कॉम्प्युटरवर प्रतिकृती बनवतात. कॉलिन्स असिसी कीटकांना वास कळतो तो पेशींच्या कोणत्या ताळमेळातून, हे गणिताने मांडतात. अशा कामात दिवसचे दिवस समीकरणं आणि कोडिंग यांत जातात. हे ऐकून मुलाचा उत्साह मावळला, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

म्हणून अकरावीतच काळजी घ्या. ‘बी ग्रुप’ घेऊन गणित सोडण्याची घाई करू नका. जमलं तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे आयएटीत, ६० प्रश्न असतात आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र या चारही विषयांचे १५-१५. तिथून पाच वर्षांचा बीएस-एमएस. तो नाही मिळाला तरी फर्ग्युसनसारख्या कॉलेजातून बीएस्सी फिजिक्स, मग जॅम परीक्षा देऊन एमएस्सी, हा जुना रस्ता अजून भक्कम आहे. नावात ‘न्यूरो’ किंवा ‘एआय’ जोडलेल्या महागड्या पदव्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सतराव्या वर्षी त्यांची गरज नाही. पाया पक्का असला की मेंदूचं जीवशास्त्र पीएचडीत शिकता येतं. उलटा प्रवास फार थोड्यांना जमतो.

आता पैशाचं बोलू. इंजिनिअर झालेला मित्र बाविसाव्या वर्षी पगार आणेल, तुमचं मूल नाही आणणार. पण ते घरावर ओझंही होणार नाही. पात्र ठरलं तर मूलभूत विज्ञानाच्या पदवीला इन्स्पायरची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. पीएचडीत नेटची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएचडीनंतर परदेशात किंवा बंगळुरूसारख्या ठिकाणी काही वर्षं पोस्टडॉक. कायमची प्राध्यापकी हातात येईपर्यंत तिशी उलटून जाते, आणि ती सगळ्यांना मिळत नाही, हे कोणी लपवू नये. पण न मिळालेली मुलंही रिकामी बसत नाहीत. डेटा सायन्स, वैद्यकीय इमेजिंग आणि एआयच्या कंपन्यांना असंच गणित आणि कोडिंग लागतं. म्हणजे काही जण फिरून हिंजवडीतही येतील.

तेव्हा बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत सीईटीबरोबर आयएटीच्या अर्जाकडेही लक्ष ठेवा. त्याने इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद होत नाही. आणि मार्कशीट बघण्याआधी एवढंच बघा : न सुटलेलं गणित तुमचं मूल तसंच टाकून देतं, की जेवण झाल्यावर पुन्हा घेऊन बसतं? पुन्हा घेऊन बसत असेल, तर त्याला अडवू नका.