तेरेरेत पाला घालताना

पाराग्वेत येर्बा मातेची पानं थंड पाण्यात भिजवून पितात, त्याला तेरेरे म्हणतात. त्यात औषधी पाला मिसळण्याची ग्वारानी लोकांची परंपरा 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पण ती शिकायची घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच. त्यांच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. येर्बा पेल्यात, पाला पाण्यात. ताजा पाला खलात ठेचायचा, पण चटणी करायची नाही. देठ फुटला, वास नाकात भरला की हात आवरायचा. हा ठेचा बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात टाकायचा. बैलाच्या शिंगाचा पेला येर्बाने दोन तृतीयांश भरायचा. पहिलं पाणी सान्तो तोमासचं, म्हणजे संत थॉमसचं. ते येर्बाला निवांत पिऊ द्यायचं. मग गाळणीची नळी रोवायची आणि पुन्हा ढवळायची नाही, नाहीतर भुकटी अडकून नळी तुंबते.

दोन. हिवाळ्यात गरम माते घ्यायची तर सावलीत वाळवलेला पाला येर्बातच मिसळला तरी चालतो. पाणी मात्र उकळतं नको. येर्बा कडूजहर होते, शिवाय 65 अंशांवरचं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये सांगितलं आहे. निवू द्या, घोट घोट घ्या.

तीन. एका भांड्याला दोन वनस्पती पुरेत. पाच घातल्या की कशाचीच चव लागत नाही, आणि काही बाधलं तर कशाने ते कळत नाही. परसातला पुदिना आणि गवती चहा ही जोडी कधी फसत नाही. हा गवती चहा आपलाच. आशियातून तिकडे गेला आणि रुजला. जेवण अंगावर आलं असेल तर बुर्रितो नावाच्या झुडपाची पानं घालतात.

चार. रानातलं घेताना हात आखडता. कोकूच्या झाडाची पानं खुडा, फांदी मोडू नका. शेजारच्या अर्जेंटिनात, कोर्दोबाच्या डोंगरांत, पेपेरिना नावाची वनस्पती मुळासकट उपटून उपटून विरळ झाली. शेंडे कापले असते तर ती पुन्हा फुटली असती. सोयाबीनच्या बांधावरचा पाला कितीही टवटवीत दिसो, फवारणीचा असतो, तो सोडायचा. गरोदर बाईने आणि रोजची औषधं चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रानपाला घेऊ नये.

आणि पानाची पुरती ओळख पटली नाही, तर नुसती येर्बा प्या. तीही उत्तम लागते.