धुणार कोण, ते आधी ठरव

जरीपटका, नागपूर
12 मे

चि. मुक्ता,


काल फोनवर तू म्हणालीस, चोवीस कापडी डायपरचा संच मागवते. थांब जरा. दोन-तीन आण, बाळाला मानवतात का बघ.

कापडाला माझा विरोध नाही. मुंबईच्या पल्लवी उटगींनी घरच्या बाळाच्या निमित्तानं 2016 मध्ये सुपरबॉटम्स हा कापडी डायपरचा ब्रँड सुरू केला. त्या चड्ड्या शेजारच्या सिंधी सुनेकडे मी हाताळून पाहिल्यात. आपल्या लंगोटाचंच शिकलेलं भावंड. फक्त कोरे डायपर दोन-चार धुण्यांनंतरच नीट शोषतात, आणि त्यांना ते सुगंधी कंडिशनर घालायचं नाही. धाग्यांवर थर बसतो, पाणी वरच्या वर वाहतं.

तुला पृथ्वीची काळजी आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं 2008 मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता. फेकायच्या डायपरचा कार्बन साधारण 550 किलो, धुवायच्यांचा 570. म्हणजे कापड हरलंच म्हणायचं! पण पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवण आणि तेच कपडे दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा आकडा चाळीस टक्क्यांनी उतरतो. दोरी तर आपल्या गच्चीवर बांधलेलीच आहे. आज दुपारी टॉवेल टाकला, चहा होईस्तोवर पापडासारखा कडक.

पण तू येणार जुलैत. नागपूरच्या झडीत दोन-दोन दिवस काही वाळत नाही, आणि दमट कापड बाळाला लावलं की पुरळ उठलंच समज. आमच्या वेळी शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट शेकायचो. बाळाच्या अंगाला धुराचा वास यायचा. म्हणून श्रावण-भादव्यात रात्री आणि बाहेर जाताना खुशाल विकतचा डायपर लाव, दिवसा लंगोट. ऑक्टोबरचं ऊन पडलं की मग तुझे चोवीस घे. विकतचा असला तरी तीन-चार तासांनी बदलायचा, शी झाली की लगेच. आतली पावडर पाणी ओढून जेली होते, म्हणून वरून कोरडं दिसतं. त्यावर जाऊ नकोस.

फेकतानाही, शी आधी संडासात टाक, मग डायपर गुंडाळून कागदात, वर लाल खूण. 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच हा कचरा वेगळा गुंडाळून द्यायचा आहे. आपल्या गल्लीत ओल्या कचऱ्याच्या बादलीत सर्रास उघडे डायपर असतात. ते भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातात, आणि तिथे कुणीतरी हातानंच कचरा निवडतं.

आता मुख्य गोष्ट. माझा मुलगा, तुझा दादा, 1986 च्या डिसेंबरात झाला. नळ अंगणात, पाणी बर्फासारखं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचे लंगोट मऊसूत होते, पण तान्ह्याला दिवसाला दहा-बारा लागायचे. माझ्या बोटांना भेगा पडल्या, आणि तुझे काका तो ढीग ओलांडून ऑफिसला जायचे. कुणी त्यांना काही म्हटलं नाही, मीही नाही. त्याचा राग मला अजून आहे बरं का. म्हणून मशीन असलं तरी विचारते, शी खंगाळणार कोण? बाळंतीण नाही, तुझी आईही नाही. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. धुणीभांडी करणाऱ्या बाईंवर ढकलायचं तर त्यांना आधी विचार आणि त्याचे पैसे वेगळे दे. तुझा रोहन रजा घेऊन येतोय म्हणतेस, तर त्यालाच बादली दाखव. त्यानं आठवडाभर हे केलं की किती संच घ्यायचे ते तोच सांगेल.

आजीची दोन नऊवारी ट्रंकेत आहेत, काठ विरलेले, पोत अजून लोण्यासारखा. फाडायला घेऊ का? तुझ्या आईचा जीव अडकलाय त्यांत, म्हणून तूच विचारून कळव.

तुझी,
मावशी